वॉशर आणि वायसर

आमच्या न्हाणीतला नळ गेल्या अक्षय्य तृतीयेपासून गळत होता. तारीख इतकी पक्की आठवते, कारण त्या दिवशी आमरसाची वाटी पुढ्यात ठेवता ठेवता आमची ही पहिल्यांदा म्हणाली होती, "अहो, त्या नळाचा वायसर तेवढा बदला." मी "हो" म्हणालो. हा शब्द मी संसारात फार सढळ हाताने वापरत आलो आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि तो उच्चारल्यावर जागचं उठावंही लागत नाही. पुढे वटपौर्णिमा गेली, आषाढी गेली, नळाखाली आधी तांब्या, मग बादली, मग आईच्या वेळचं घंगाळ अशी बढती होत गेली, आणि श्रावणातल्या एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून मी जाहीर केलं, "या आठवड्यात वॉशर आणतो." हिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्याआधी फक्त एकदा, माझ्या ग्रॅच्युइटीचा चेक वटला त्या दिवशी, पाहिलं होतं. त्या रात्री तिने भातावर तूपही जरा जास्तच वाढलं.

तिच्या डोक्यात दहा रुपयांचा वायसर होता. माझ्या डोक्यात साडेनऊ हजारांचा.

आता तुम्ही विचाराल, की ज्या माणसाला नळाचा वायसर बदलता येत नाही त्याने प्रेशर वॉशरच्या नादाला लागावंच कशाला. हा प्रश्न नंतर घरातही विचारला गेला, जरा वेगळ्या शब्दांत. पण त्यामागे एक दुखरी हकिकत आहे, आणि दुखरी म्हणजे अगदी कंबरेत.

आमचं घर रत्नागिरीचं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला निम्माअधिक आमच्याच खळ्यात पडत असावा असा मला संशय आहे. वडिलांनी १९७४ साली जांभ्या दगडाचं हे घर बांधलं, फाटकापासून ओटीपर्यंत जांभ्याच्याच पायऱ्यांची पाखाडी घातली आणि फाटकाच्या गिलावा केलेल्या खांबावर गावातल्या पेंटरकडून लाल ऑइलपेंटने वीतभर अक्षरांत नाव लिहून घेतलं : श्रमसाफल्य. त्या काळी घर बांधणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला नावं तीनच सुचत, मातृछाया, गुरुकृपा आणि श्रमसाफल्य; आमच्या आळीत पहिली दोन आधीच गेलेली होती. तर या पाखाडीवर आषाढापासून शेवाळ धरायला लागतं आणि भाद्रपद येईतो तिचं असं हिरवंगार, बुळबुळीत, दिसायला देखणं असं काही होऊन बसतं की पाहुणे फोटो काढतात आणि घरचे लोक भिंत धरून चालतात.

गेल्या वर्षी गौरीच्या दिवशी, मुंबईचे सगळे चाकरमानी ओटीवर जमलेले असताना, शेजारच्या अण्णांकडची आरती आटोपून मी ताट घेऊन पाखाडी उतरत होतो. तिसऱ्या पायरीवरून निघालो तो एकदम अकराव्या पायरीवर पोचलो. मधल्या पायऱ्या लागल्या असतील, पण पायांना नव्हे. ताट मात्र मी शेवटपर्यंत वर धरून ठेवलं होतं आणि निरांजन विझलं नाही, असं बघणारे सांगतात. बघणाऱ्यांत चुलतभावाचा नातू होता आणि त्याच्या हातात मोबाइल होता. आमच्या घराण्यात दोन मामलेदार होऊन गेले, एक कीर्तनकार होऊन गेले, पण 'कुटुंब' नावाच्या ग्रुपवर जितक्या वेळा मी घसरलो तितकी दाद त्यांतल्या कोणालाही मिळालेली नाही.

पूर्वी श्रावणात एक गडी येई. दोन दिवस उकिडवा बसून फावड्याने शेवाळ खरवडी, खराट्याने झाडी, वर ब्लीचिंग पावडर मारी आणि जाताना दोन नारळ मागून घेई. आता त्याच्या मुलाची रिक्षा आहे आणि तो स्वतः कंबर धरून बसतो. मी त्याला विचारायला गेलो तर त्यानेच मला बसायला खुर्ची दिली. म्हणून यंत्र.

मी आयुष्यभर एका कचेरीत आवक-जावक सांभाळली. त्यामुळे कुठलीही गोष्ट वहीत चढवल्याशिवाय ती घडली असं मला वाटत नाही. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर 'श्री', दुसऱ्यावर 'भरवशाचे यंत्र' असं लिहून खाली रेघ मारली आणि चिंचवडला कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा हुशार आहे. त्याचा दोष एवढाच की मला समजेल अशा समजुतीने तो बोलत जातो.

"भावोजी, खोक्यावर 'बार' किती लिहिलाय त्याला भुलू नका," तो म्हणाला.

मी 'बार' लिहून घेतला. मग त्यातच तीन दिवस गेले. एका ठिकाणी बार, दुसऱ्या ठिकाणी पीएसआय. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. आमच्या स्कूटरच्या मागच्या चाकात पेट्रोलपंपावरचा मुलगा तीसच्या आसपास भरतो तेही पीएसआयच. म्हणजे १३० बारचं यंत्र माझ्या चाकाच्या साठपट दाबाने पाणी फेकणार! मी गुणाकार दोनदा करून पाहिला. मग आणखी एक हिशेब सापडला, की दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब साधारण एक बार वाढतो. आमची टाकी माळवदावर, नळापासून तीन मीटर वर. म्हणजे आमच्या नळाला पाव-अर्धा बार. आणि १३० बार हवे असतील तर टाकी तेराशे मीटर उंचीवर बसवायला हवी, म्हणजे टाकी महाबळेश्वरला आणि नळ रत्नागिरीला. ही उपमा मला इतकी आवडली की मी ती हिला सांगितली, दूधवाल्याला सांगितली, अण्णांना सांगितली. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते म्हणाले, "आणि मध्ये कोणी नळ सोडला तर?"

त्यानंतर मेव्हण्याने सांगितलं की खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो कमाल दाब. यंत्र रोज ज्या दाबावर चालतं तो बाजूला बारीक अक्षरात असतो. बघतो तर खरंच, पुढे १३०, बाजूला ९०. टाकी महाबळेश्वराहून निघून आंबेनळी घाटात येऊन उभी राहिली. पण निदान हे कळलं, की दाबाइतकंच मिनिटाला किती लिटर पाणी फेकतं तेही बघायचं असतं, कारण दाबाने शेवाळ सुटतं आणि पाण्याने ते वाहून जातं. नुसता दाब असेल तर घाण जागच्या जागी चिडते.

मोटरचं प्रकरण त्याने मला स्वयंपाकघरातून समजावलं, आणि हे मात्र मला पहिल्या दमात कळलं, असं मी अभिमानाने नमूद करतो. स्वस्त यंत्रांत असते ती मिक्सरच्या जातीची मोटर : हलकी, तापट, कार्बनचे ब्रश झिजणारी, आणि सुरू झाली की घरात कोणी कोणाचं ऐकू शकत नाही अशी. महागात असते ती विहिरीच्या पंपाच्या जातीची, इंडक्शन : जड, थंड डोक्याची, वर्षानुवर्षं गुणगुणत राहणारी. पंप दोन्हींत सारखाच, आत एक तिरपी तबकडी फिरते आणि तीन दट्ट्यांना आळीपाळीने ढोसते. "रोज गाड्या धुवायच्या असतील तर इंडक्शनच घ्या. वर्षातून चार वेळा पाखाडी धुवायची तर मिक्सरवाली चालेल, पण वीस मिनिटं चालवली की विसावा द्या," तो म्हणाला. "आणि भावोजी, सगळ्यात महत्त्वाचं, रत्नागिरीत दुरुस्त कोण करतं ते आधी विचारा. सीलं, ओ-रिंगा मिळतात का बघा. यंत्र कधीतरी बंद पडणारच. ते पडल्यावर तुम्ही कुठे जाणार, त्यावर भरवसा ठरतो."

मी विचारलं, "धार कशी आहे ते बोट लावून बघता येईल का?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "ताईला फोन द्या." जवळून धार लागली तर कातडी फाटते, पाणी आत शिरतं आणि मामला सरळ ऑपरेशनपर्यंत जातो, हे त्याने मला न सांगता तिला सांगितलं. पण त्या संभाषणात 'यंत्र' हा शब्द आला नाही, "त्यांना पाण्याच्या धारेशी खेळू देऊ नकोस" एवढंच आलं, आणि ती "या वयात?" म्हणून काळजीत पडली.

वही भरत चालली होती. माझी एक वाईट खोड आहे, की काम जवळ आलं की माझी जिज्ञासा जागी होते. दाब, मोटर सोडून मी इतिहासात शिरलो. कार्चर या जर्मन कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचं प्रेशर वॉशर काढलं. १९८० मध्ये रिओचा तो डोंगरावरचा हात पसरलेला येशू धुतला. २००५ मध्ये अमेरिकेत माउंट रशमोरच्या कड्यात कोरलेल्या चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं धुतली, आणि ती एकेक साठ फुटांची आहेत. फ्रान्समध्ये तर हे नाव बोलीभाषेत इतकं मुरलंय की त्याच साली तिथले गृहमंत्री सार्कोझी एक वस्ती 'कार्चरने साफ करू' असं बोलून गेले आणि देशभर गदारोळ माजला. हे सगळं मी रात्री साडेअकराला वहीत उतरवून घेत होतो. हिने दिवा मालवता मालवता विचारलं, "वायसर आणायला इतका अभ्यास?" मला वाटलं ती कौतुक करते आहे.

शेवटी मी दुकानात गेलो. वहीत चोवीस पानं, चार अटी, दोन तक्ते. दुकानातल्या मुलाने विचारलं, "काका, कशासाठी पाहिजे?" मी त्याला महाबळेश्वर सांगितलं, मिक्सर सांगितला, राष्ट्राध्यक्ष सांगितले. तो शांतपणे ऐकून घेत होता. कोकणात दुकानदारी करायची तर हा गुण लागतोच. मग त्याने इंडक्शनचं यंत्र दाखवलं. ते उचलून बघावं म्हणून मी वाकलो आणि गेल्या गौरीपासून कंबरेत दबा धरून बसलेली ती कळ एकदम उठून उभी राहिली. मी मात्र उभा राहू शकलो नाही. किंमतही दुपटीहून वर होती. त्याच अवस्थेत, म्हणजे टेबलाच्या उंचीवरून, मला समोर एक नारिंगी यंत्र दिसलं. १८०० वॉट, मिक्सरची मोटर, चाकं होती, दांडा होता, नारिंगी रंग छान होता. माझ्या चारही अटी ज्या पानावर होत्या ते पान मी उघडलंच नाही. "हे द्या," म्हणालो.

महिनाभराचा अभ्यास आणि मी रंगावर गेलो.

रिक्षातून खोकं उतरलं तेव्हा ही ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग न्हाणीच्या दिशेने पाहिलं. "हे काय?"

"वॉशर," मी म्हणालो.

तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. इतकंच.

पुढचा रविवार. गणपतीला आठ दिवस होते. मी जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, डोक्याला पंचा गुंडाळला, आणि यंत्र जोडायला बसलो. त्याला दोन तोंडं होती, एक पाणी आत जायचं, एक बाहेर यायचं. छत्तीस वर्षं ज्याने दुसरं काही केलं नाही त्याने निदान हे तरी चुकवायला नको होतं. मी आवकेत जावक घालायचा पाऊण तास प्रयत्न केला. ती बसेना तेव्हा खोबरेल लावलं.

मग वीज. यंत्राची पिन जाडी, सोळा अँपिअरची; पडवीत पॉइंट बारका, सहाचा. १८०० भागिले २३० म्हणजे पावणेआठ अँपिअर, हा भागाकार माझ्या वहीत सतराव्या पानावर स्वच्छ अक्षरात आहे. पण वही कपाटात होती आणि जाड-बारीक जोडणारी कन्व्हर्टर पिन माझ्या हातात होती. ती लावली, तिला फ्रीजचं एक्स्टेन्शन लावलं, बटण दाबलं. यंत्राने एक हुंकार दिला, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, खट्टकन आवाज झाला, आणि पडवीपासून माजघरापर्यंत सगळ्या घरात अशी शांतता पसरली की न्हाणीतला नळ गळताना ऐकू आला. टप. टप. ही खोबऱ्याचं वाटण मिक्सरमध्ये अर्धवट सोडून बाहेर आली. वायरमन संध्याकाळी आला, त्याने पडवीत सोळाचा पॉइंट काढून जाड वायर ओढून दिली, चौदाशे रुपये घेतले आणि जाताना "काका, यापुढे आधी विचारत जा" असं म्हणाला. तो माझ्या मुलीच्या वर्गात होता.

सोमवारी पुन्हा मांडामांड. नळाला आटे नव्हते, म्हणजे नळही बदलावा लागला. न्हाणीतला नव्हे, खळ्यातला. या घटनेची घरात नोंद घेतली गेली. पाइप बसला, बटण दाबलं, यंत्र गुरगुरलं आणि दोन सेकंदांत गप्प झालं. पुन्हा बटण. पुन्हा गुरगुर, पुन्हा गप्प. बारा वेळा केलं. नवं कोरं यंत्र बंद! मी ताडकन आत जाऊन वॉरंटीचा कागद काढला, कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि ग्राहकाचे हक्क या विषयावर कधी नव्हे इतका अस्खलित बोललो. तो बिचारा पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला, "काका, बंदुकीचा ट्रिगर दाबलाय का?"

दाबला नव्हता. आत दाब भरला की मोटर आपोआप थांबते आणि ट्रिगर दाबला की सुरू होते, ती सोयच असते म्हणे. मी आवाज खाली आणून विचारलं, "मग पावती जपून ठेवू ना?" काहीतरी विचारायला हवं होतं.

ट्रिगर दाबला. पाणी आलं, पण कसं, तर खोकल्याची उबळ आल्यासारखं. फस्स, थांब, फस्सफस्स, थांब. आणि मोटर रडवेली. मेव्हण्याला फोन लावून मी तो आवाज ऐकवला. "बादली लावून बघितलीत का?" त्याने विचारलं. यंत्राला मिनिटाला साडेसहा लिटर पाणी लागतं. तेव्हा विकत घ्यायच्या आधी नळाखाली दहा लिटरची बादली धरायची आणि घड्याळ बघायचं, हे त्याने मला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. अकराव्या पानावर आहे. आता लावली. अडीच मिनिटं. म्हणजे चार लिटर. यंत्र तहानेने पाण्याऐवजी हवा गिळत होतं, आणि असं फार वेळ चाललं तर पंपाची सीलं जातात.

मग पिंप आणलं, त्यात विहिरीचं पाणी भरलं, त्यात पाइप सोडला. पण आधी बंदूक काढून पाइपातली सगळी हवा बाहेर जाऊ द्यायची, बुडबुडे संपून अखंड पाणी यायला लागलं की मगच बंदूक लावायची, हे मला कळलं ते उलट्या क्रमाने. मी बंदूक लावूनच ट्रिगर दाबला. एवढा वेळ आत कोंडलेली हवा आणि विहिरीच्या तळाची लाल माती यांनी एकत्र येऊन जी झेप घेतली, ती गडग्यावरून पलीकडे अण्णांच्या पडवीत. तिथे अण्णा चहा घेत होते. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग गडग्यावर लाल ठिपक्यांचं त्यांचं डोकं उगवलं.

"अरे," ते म्हणाले, "चहा पातळ केलास त्याचं काही नाही. गाळून तरी घालायचास."

पाइपाच्या तोंडाशी गाळणी लावली. ती पहिल्यापासून खोक्यातच होती. मी ती हिच्याकडे चहासाठी दिली होती.

आणि मग, वाचकहो, मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता ते यंत्र चाललं.

ते सुख कसं सांगू? दोन महिन्यांच्या हिरव्यागार शेवाळावरून पंख्यासारखी पसरट धार फिरते आणि मागे चार बोटं रुंद, लालबुंद, माझ्या लहानपणीच्या रंगाची पाखाडी उघडी पडते. एक पट्टा. त्याला लागून दुसरा. मध्ये जरा राहिलं तर परत. निवृत्तीनंतर मी योगासनं केली, भगवद्गीतेच्या वर्गाला बसलो, पण मन असं एकाग्र झालं नव्हतं. आयुष्यात प्रथमच मी एखादं काम करत होतो आणि ते केलेलं दिसत होतं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी, जिथून मी निघालो होतो ती, चौथीपासून दहावीपर्यंत, ज्यांची माझी गेल्या वर्षी गाठ पडली नव्हती त्या, अकरावी. वीस मिनिटांनी विसावा द्यायचा होता. मी दिला नाही. हिने आतून काहीतरी ओरडून सांगितलं, पण मिक्सरच्या मोटरचा एक फायदा असतो, तो मी आधी सांगितलाच आहे.

जांभा हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्यावर राहून टणक होतो, ही गोष्ट कोकणातलं पोरही जाणतं. पण पन्नास वर्षांच्या सांध्यांमधला चुना त्याच मानाने टणक होत नाही, हे मला आठव्या पायरीजवळ, धार सांध्यात शिरून तिथून वाटीभर लाल चिखल बाहेर आला तेव्हा समजलं. तो उडाला तो गणपतीसाठी मागच्याच आठवड्यात पांढऱ्या केलेल्या ओटीच्या भिंतीवर, कंबरेच्या उंचीपर्यंत, सुबक फवाऱ्यात. भिंत धुवायला धार तिकडे वळवली, तर चिखल गेला आणि त्याच्या मागोमाग चुनाही गेला. स्कूटर धुतली. ती चकाचक झाली. फक्त पाणी बटणात शिरल्यामुळे तिचा हॉर्न जो वाजायला लागला तो बॅटरीची वायर काढेपर्यंत थांबला नाही, आणि वायर कुठली काढायची हे ठरवायला मला पंधरा मिनिटं लागली. आळीतले लोक बाहेर आले. काहींना वाटलं, आमच्याकडे एकदाचं काहीतरी झालं.

इथे थांबायला हवं होतं. शहाणा माणूस थांबला असता, यंत्र पुसून, पाइप गुंडाळून, अंघोळीला गेला असता. पण खोक्याच्या तळाशी एक जास्तीचा नॉझल होता. टर्बो म्हणतात त्याला. त्यातून पाण्याची सुईसारखी धार गरागरा फिरत बाहेर येते, आणि नरम पृष्ठभागावर, गिलाव्यावर, रंगावर तो वापरू नये असं माहितीपत्रकात काळ्या चौकटीत छापलेलं असतं. माहितीपत्रक मी बुधवारी वाचलं.

फाटकाच्या खांबावर, वडिलांनी लिहवून घेतलेल्या नावाच्या कडेला, थोडी काजळी धरली होती. मला वाटलं, अक्षरं जरा उजळतील. गणपतीला माणसं येणार, वडिलांनाही बरं वाटेल. मी उजवीकडून सुरुवात केली. एक सेकंद, फार तर दीड. लाल रंगाचा एक पापुद्रा फुलपाखरासारखा उडाला आणि त्याच्यापाठोपाठ तळव्याएवढा गिलावा. मी ट्रिगर सोडला. मोटर शहाण्यासारखी थांबली.

'ल्य' गेला होता.

मी चार पावलं मागे सरकलो आणि वाचलं. पुन्हा वाचलं. गडग्यावरून अण्णाही वाचत होते, आणि त्यांचं वाचन नेहमीच मोठ्याने असतं.

"श्रम... साफ," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "तुझे बाबा हिशेबाचे पक्के. पन्नास वर्षं टिकला, हेही खूप."

ही बाहेर आली. पदराला हात पुसत तिने पाखाडी पाहिली, भिंत पाहिली, पिंप, वायर, नवा नळ, बॅटरी काढलेली स्कूटर पाहिली, नखशिखांत लाल झालेला मी पाहिला आणि शेवटी खांब पाहिला. मी वाट बघत होतो. छत्तीस वर्षं साहेबांची बोलणी खाल्लेला माणूस मी. पण ती काहीच बोलली नाही. आत गेली, पिशवी घेतली आणि धुतलेल्या पाखाडीवरून अजिबात न घसरता बाजारात निघून गेली. अर्ध्या तासाने न्हाणीतून खुडबुड ऐकू आली. यंत्राबरोबर मिळालेला पाना तिच्या हातात होता, आणि नळ गळायचा थांबला होता.

"दहा रुपये," ती म्हणाली. "वहीत लिहा."

गणपतीच्या आधी कोकणात पेंटर मिळणं म्हणजे मे महिन्यात रेल्वेचं रिझर्वेशन मिळण्यासारखं आहे. तीन पेंटरांना फोन केले; तिघांनीही अनंत चतुर्दशीनंतरचा वायदा दिला. त्यामुळे मुंबईचे चाकरमानी आले ते खांब वाचूनच आत आले. चुलतभावाच्या नातवाने फोटो काढला. या वर्षी पाखाडीवरून कोणी घसरलं नाही, पण त्याची दखल ग्रुपवर कोणी घेतली नाही.

गौरी गेल्या त्या दिवशी अण्णांचं खळं धुवून देताना, कारण चहाचं ऋण होतं, बंदुकीच्या सांध्यातून थेंब पडायला लागले. टप. टप. मी मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, ओ-रिंग गेली. मी ते हिला सांगितलं.

"म्हणजे वायसरच ना?" तिने विचारलं, आणि आईचं घंगाळ आणून यंत्राखाली ठेवलं.

रत्नागिरीत ती रिंग मिळाली नाही. आंबा घाट चढून कोल्हापूरला निरोप गेला, तिथून कुरिअरने निघाली, आणि काल दुपारी एक नवा मुलगा मोटरसायकल लावून फाटकाशी उभा राहिला. हातातल्या इवल्याशा पाकिटावर पत्ता होता, श्रमसाफल्य. त्याने पाकीट वाचलं, खांब वाचला, परत पाकीट वाचलं, आणि ओटीवर बसलेल्या माझ्याकडे बघून ओरडला, "काका, श्रमसाफ हेच ना?"

मी "हो" म्हणालो.